तोळा किती ग्रॅमचा, डबा किती किलोचा?

आपल्या देशात वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला आणि १९६२ पासून वजनांच्या बाबतीत तो सक्तीचा झाला. सध्या लागू असलेल्या २००९ च्या वैधमापन कायद्यानुसारही व्यवहार मेट्रिक एककातच करावा लागतो. तरीही बोलण्यात तोळा, पावशेर, इंच टिकून आहेत. त्यात वावगे काही नाही. घोटाळा होतो तो नाव जुने राहून माप बदलल्यामुळे.

सोन्याचेच पाहा. इंग्रज अमदानीतील तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे चांदीच्या एका रुपयाच्या वजनाइतका होता. त्याचे ११.६६४ ग्रॅम होतात. आजचा सराफ तोळा म्हणताना १० ग्रॅम धरतो आणि छापून येणारा भावही १० ग्रॅमचाच असतो. आता घरातील जुन्या यादीत आजीच्या पाटल्या ५ तोळे अशी नोंद असेल, तर त्या ५८.३२ ग्रॅमच्या असावयास हव्यात. मोडताना किंवा वारसांत वाटणी करताना कोणी ५० ग्रॅमचा हिशेब धरला, तर ८.३२ ग्रॅम सोने कागदावरच नाहीसे होते! म्हणून जुन्या नोंदीवर विसंबू नये. दागिना समोर काट्यावर ठेवून ग्रॅममध्ये वजन घ्यावे आणि पावतीवर तेच लिहून घ्यावे. हॉलमार्क शुद्धता सांगतो, वजन सांगत नाही, हेही ध्यानात असावे.

हाच प्रश्न जकातीच्या हिशेबात येतो. आपल्याकडे निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी असा सांगण्याची पद्धत आहे. हे तोळे जुने आहेत. त्यांचे अनुक्रमे ८७.४८ ग्रॅम व ६१२.३६ ग्रॅम होतात. बाजारातला १० ग्रॅमचा तोळा धरून ७५ आणि ५२५ ग्रॅम असा हिशेब करणारे बरेच आढळतात. तो चुकीचा आहे.

पावशेराची गंमत उलटी आहे. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅमचा. पावशेर झाला २३३ ग्रॅम. आज पावशेर मागणाऱ्याला पाव किलो मिळते, म्हणजे १७ ग्रॅम जास्तच. अर्थात पैसेही २५० ग्रॅमचेच घेतले जातात.

तेलाच्या डब्यात जुन्या मापाचा संबंध नाही. तेथे दोन्ही मापे मेट्रिकच, पण गोंधळ मोठा. बाजारात १५ किलोचा आणि १५ लिटरचा असे दोन्ही डबे मिळतात व दिसायला सारखेच असतात. खाद्यतेल पाण्यापेक्षा हलके असते. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरते. त्यामुळे १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३.६५ किलोच तेल असते. समजा, लिटरचा डबा २,१०० रुपयांना आणि किलोचा २,२५० रुपयांना आहे. पहिला दीडशे रुपयांनी स्वस्त वाटतो. पण किलोमागे तो जवळजवळ १५४ रुपये पडतो, दुसरा १५० रुपये. महिन्याचा किराणा भरणाऱ्यांनी आणि विशेषतः खानावळ चालवणाऱ्या बंधूंनी डब्यावरील निव्वळ वजनाची ओळ वाचल्याशिवाय भाव ठरवू नये.

टीव्हीला ३२ इंची म्हणतात, खोक्यावर ८० सेंटिमीटर छापलेले असते. माप एकच, आणि तेही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे. नळाच्या पाइपचे मात्र तसे नाही. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, परंतु अर्ध्या इंची लोखंडी पाइपवर टेप लावला तर हा आकडा कोठेच सापडत नाही: आतून तो साधारण १६ मिलिमीटर, बाहेरून सुमारे २१ भरतो. अर्धा इंच हे येथे केवळ नाव आहे. उलट शेतीच्या पीव्हीसी पाइपवरील ६३, ७५, ९० हे आकडे बाहेरच्या व्यासाचे असतात. जोड आणायला जाताना मोजून नेलेला आकडा उपयोगाचा नसतो. पाइपचा कापलेला तुकडाच सोबत न्यावा.