ताटातील जोडी

मुख्य जेवणासोबत कोणते मद्य घ्यावे, याचे संकेत गोव्याच्या हॉटेलांत रूढ आहेत: माशाबरोबर पांढरी वाईन, मांसाबरोबर लाल. मात्र लाल वाईनमधील टॅनिन अन्नातील लोह बांधून ठेवते. हेच द्रव्य चहातही असते, आणि आपल्याकडे अनेक मुलांच्या ताटाशेजारी चहाचा पेला दिसतो. म्हणून हा विषय बालरोगतज्ज्ञाचाही ठरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातील ६ ते ५९ महिने वयाच्या ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

उपाय तोंडीलावण्यातही आहे. हुमणातील मासळी डाळ-भाजीतील लोहाच्या शोषणास साहाय्य करते. शिरगावात श्रीलईराई देवीच्या जत्रेपूर्वी धोंडांच्या व्रतात मासळी वर्ज्य असते. अशा दिवसांत मुलांच्या मुगागाठींवर, तांबड्या भाजीवर लिंबू पिळावे. तेही पान वाढल्यावर, कारण उष्णतेने 'क' जीवनसत्त्व घटते.

पेय म्हणून पाणी वा सोलकढी पुरे. मोठ्यांनी चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. लहानग्यांना तो नकोच. सर्दीवर म्हणून मद्याचा चमचाही मुलांना देऊ नये. त्याने रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.