जुन्या स्कूल बसचं घर आणि ज्यूलचा नियम



दहावीच्या ‘विद्युत धारेचे परिणाम’ या प्रकरणात ज्यूलचा नियम येतो. मुलं सूत्र पाठ करतात, गणितंही सोडवतात. तरी ‘बॅटरी फक्त बारा व्होल्टची आहे, तिने काय होणार?’ हा गैरसमज डोक्यात तसाच राहतो. तो काढायला पुढचं उदाहरण वर्गात घेऊन बघा.

अमेरिकेत शाळेने विकून टाकलेल्या जुन्या पिवळ्या बस काही हौशी लोक घेतात आणि त्यात फिरतं घर थाटतात. अशा बसला तिकडे ‘स्कूली’ म्हणतात. बाकं काढून पलंग आणि ओटा बसवणं हे सुतारकाम झालं. रात्री आत माणसं झोपणार, त्यामुळे खरी काळजी घ्यावी लागते ती वायरिंगची.

जुन्या वायरी सरसकट कापू नयेत

स्कूल बसमध्ये लाल-पिवळे चमकणारे दिवे, बाजूला उघडणारी ‘थांबा’ची पाटी, मागच्या दाराचा बझर अशा कितीतरी वायरी असतात. बस शाळेची राहिली नाही की अनेक राज्यांत हे दिवे आणि पाटी काढावी किंवा बंद करावी लागते. पण काही बसमध्ये संकटकालीन दाराला कुलूप असेल तर इंजिनच सुरू होत नाही, अशी सोय केलेली असते. ती वायर न बघता कापली, तर बस जागची हलणार नाही! म्हणून एकेक वायर शोधायची, तिला चिठ्ठी लावायची आणि मगच ठरवायचं.

आधी ऋण टोक का सोडवायचं?

कामाला लागण्यापूर्वी बॅटरी सोडवतात. बसचा लोखंडी सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. अशा वेळी धन टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागला, तर थेट शॉर्ट सर्किट होतं. ऋण टोक आधी सोडवलं की तो मार्गच तुटतो. जोडताना उलटा क्रम: आधी धन, शेवटी ऋण. हा प्रश्न मुलांना आकृती काढून विचारा, मजा येते.

आता गणित

समजा, 1000 वॅटची शेगडी चालवायची आहे.

अमेरिकेतल्या घरात (120 व्होल्ट): 1000 ÷ 120 = सुमारे 8.3 अँपिअर
बसच्या बॅटरीवर (12 व्होल्ट): 1000 ÷ 12 = सुमारे 83 अँपिअर

व्होल्ट दहापट कमी झाले, तर धारा दहापट वाढली. आणि उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वायरीचा रोध 0.01 ओहम धरला, तर घरात त्या वायरीत 0.7 वॅट उष्णता तयार होईल आणि बसमध्ये जवळजवळ 70 वॅट, म्हणजे शंभरपट! बारा व्होल्टचा सहसा शॉक बसत नाही, पण बारीक वायर लाल होऊन आग लागू शकते. म्हणून बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंतची वायर जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवतात.

फ्यूज कुठे आणि केवढा?

फ्यूज मुख्यतः वायरीला वाचवतो. 30 अँपिअर सोसणाऱ्या वायरीला 60 चा फ्यूज लावला, तर आधी वायर जळेल. शिवाय तो बॅटरीच्या धन टोकाजवळच हवा. कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधल्या वायरीला संरक्षणच नसतं. बस सतत हादरते, म्हणून पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरीला रबरी कडी घालतात, नाहीतर पत्र्याची धार हळूहळू आवरण कापते. त्याच कारणाने एकसंध तारेऐवजी अनेक बारीक तारांची लवचीक वायर वापरतात.

वर्गासाठी

1. 60 वॅटचा फ्रिज 12 व्होल्टवर किती धारा घेईल? (उत्तर: 5 अँपिअर)
2. वायरीची लांबी दुप्पट केली, तर रोधाचं काय होईल?
3. घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीची वायर पंख्याच्या वायरीपेक्षा जाड का असते?

पालकहो, तिसऱ्या प्रश्नासाठी मुलांना वायर लांबूनच दाखवा, हात लावू देऊ नका. आणि शिक्षकांनी प्रयोग करायचा झाला, तर टॉर्चचे सेल घ्यावेत. गाडीची बॅटरी वर्गात आणू नये.