किल्ली उचल आणि परत बस

मुक्ता, ‘राहील की, होईल सवय’ असं ओंकार म्हणाला ना, ते आधी दोघांनीही डोक्यातून काढून टाका. भीतीची सवय होत नाही, ती मुरते. तासभर रडून गप्प झालेलं कुत्रं शहाणं झालेलं नसतं, दमलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही चपला घालायच्या आधीच ते थरथरायला लागतं. एकटं राहणं त्याला शिकवावं लागेल. ते अवघड नाही, पण इतकं कंटाळवाणं आहे की बहुतेक लोक चार दिवसांत सोडून देतात.

तुमचा ब्राउनी (हे नाव कोणाच्या डोक्यातून निघालं ते मी विचारणार नाही) आला कुठून, ते आठव. रस्त्यावर वाढलेलं कुत्रं सहसा एकटं नसतं. टपरीखाली भावंडं, रात्री वॉचमनची खुर्ची, पहाटे दूधवाला. तिथून संस्थेच्या पिंजऱ्यात गेला, तर तिथेही आजूबाजूला भुंकणारे सोबती. बंद झालेलं दार आणि त्याच्या पलीकडे गेलेली माणसं हा प्रकार त्याला तुमच्याच घरात पहिल्यांदा भेटतोय. त्यात तुम्ही सुरुवातीला रजा काढून त्याला मांडीवर घेऊन बसलात आणि मग एका सकाळी नऊला दोघं एकदम गायब! कुत्री दत्तक देणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात: तीन दिवस बावरलेला, तीन आठवड्यांत घराच्या वेळा कळतात, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं, पण घाई करू नये एवढं त्यातून घे.

आजचं काम सांगते. कपाटातला जुना मोबाइल काढून टीव्हीशेजारी उभा कर, तुझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लाव, आवाज बंद कर आणि दोघं खाली पार्किंगमध्ये जाऊन बसा. कंटाळलेलं कुत्रं थोडा वेळ हिंडतं, एखादी चप्पल चावतं, मग आडवं होतं. घाबरलेलं कुत्रं दारापासून हलत नाही. धापा टाकतं, लाळ गाळतं, दाराची चौकट नाहीतर खिडकीची जाळी खरवडतं, रडतं, तिथेच शू करतं. सगळा जोर बाहेर पडायच्या वाटांवर असतो. हा गोंधळ बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच शिगेला पोचतो, त्यामुळे तास न् तास बघत बसायला नको. आणि भीती आहे एवढं दिसलं की लगेच वर जा. दुसरी खूण खाण्याची. जाताना उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेव. एरवी ज्यावर झडप घालतो तो तुकडा तुमच्यामागे तसाच पडून राहिला आणि तुम्ही आल्याबरोबर गट्टम झाला, तर ती भीतीच समज. नुसता कंटाळा निघाला तर पुढचं वाचायचे कष्ट घेऊ नकोस. त्याला जास्त फिरव, चावायला काहीतरी दे, विषय संपला.

फाडलेल्या उशीबद्दल ओरडू मात्र नका. ‘त्याला सगळं कळतं, बघ कसं तोंड पाडून बसलाय’ हे कुत्री पाळणाऱ्यांचं लाडकं वाक्य. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली ते तपासून पाहिलं. मालकाने मना केलेला खाऊ त्याच्या पाठीमागे काही वेळा कुत्र्याने खाल्ला, काही वेळा नाही, आणि मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. पडलेल्या चेहऱ्याचा संबंध निघाला तो रागावण्याशी, खाऊ खाण्याशी नव्हे. काहीच न करता बोलणी खाल्लेली कुत्री तर जास्तच अपराधी दिसली. म्हणजे तू उशी दाखवून रागावलीस की तो शिकणार एवढंच, की ही घरी येते तेव्हाही घाबरायचं.

आता खरा सराव. तुमचा निघण्याचा एक क्रम आहे: डबा, लॅपटॉपची बॅग, मोजे, किल्ली, देवापुढे हात, ‘येते हं’, सेफ्टी डोअर, लॅचचा खट् आवाज, मग लिफ्ट. ब्राउनीला तो तुमच्यापेक्षा पाठ आहे. त्यातली एकेक गोष्ट सुटी काढून तिचा अर्थच घालवायचा. किल्ली उचल आणि परत सोफ्यावर बस. बूट घालून कांदा चिर. बॅग खांद्याला लाव, भांडी मांडणीत लाव, बॅग खाली ठेव. त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली टाकली की ती गोष्ट निकालात निघाली. हे सगळं अगदी कोऱ्या चेहऱ्याने. टाळ्या नाहीत, ‘शाब्बास राजा’ नाही.

मग दार. उघड, लाव, आतच राहा. ते पचलं की बाहेर पाऊल टाकून लगेच आत. मग दार लोटून दोन सेकंद. पाच. तीन. आठ. चार. आकडे चढतेच ठेवू नकोस. दर खेपेला आधीपेक्षा अवघड होत गेलं तर तेही त्याच्या लक्षात येतं. लॅच ही वेगळी पायरी धर. माझ्याकडे तात्पुरती राहून गेलेली कितीतरी कुत्री नुसत्या लोटलेल्या दाराशी निवांत पडून असायची आणि लॅच पडला की ताडकन उभी. म्हणून किल्ली बाहेर हातात तयार ठेवायची, लॅच पडू द्यायचा आणि लगेच उघडायचं. ब्राउनी पडल्या जागी पडून राहिला की मग लिफ्टचं बटण, मग लिफ्टचं दार, आणि प्रत्येक नव्या आवाजाला पुन्हा दोन-तीन सेकंदांपासून सुरुवात. समोरच्या काकू विचारतील हे काय चाललंय. विचारू देत.

परत कधी फिरायचं, तर तो अस्वस्थ व्हायच्या आत. फोनवर बघ: जांभया, ओठ चाटणं, कान मागे जाणं, नजर दाराला खिळणं. रडण्याच्या अलीकडच्या या खुणा. तिथेच आत ये. रडू फुटलंच तर ‘आता गेले तर त्याला रडायची सवय लागेल’ म्हणून बाहेर ताटकळू नकोस. भीतीने रडणारा हट्ट करत नसतो. आत जा आणि पुढच्या खेपेला वेळ निम्मा कर. आत आल्यावर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही असं सांगणारे आहेत. मला ते उगाच निष्ठुरपणाचं वाटतं. शांत आवाजात हाक मार, पाठीवर हात फिरव आणि कामाला लाग.

दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरे, आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी. पहिली काही मिनिटं कमवायलाच आठवडे जातील, तेव्हा वैतागून मला फोन कर, त्याला काही दाखवू नकोस. एकदा अर्धा-पाऊण तास निवांत झोपायला लागला की पुढची मजल बहुतेक वेळा भराभर जाते. ढगांचा गडगडाट, गणपतीतले ढोल-ताशे, दिवाळीचे फटाके असतील त्या दिवशी सराव बंद. आवाजाची भीती आणि एकटेपणाची भीती एकमेकींना फूस लावतात.

तोवर ऑफिसचं काय, असं तू विचारणार. इथेच सगळे ढिले पडतात. सरावात आठ सेकंद जमणाऱ्याला बुधवारी नऊ तास कोंडलंत तर महिन्याची मेहनत पाण्यात. शिकेपर्यंत त्याला झेपतं त्याहून जास्त एकटं ठेवायचं नाही, हा नियम मोडायचा नाही. तुमचे ऑफिसचे दिवस वेगवेगळे करून घ्या. ओंकारच्या मॅनेजरला कारण पटेल-न पटेल, विचारायला काय जातं? सुनंदाताईंना दुपारी दोन घरांच्या मध्ये मोकळा वेळ असतो, त्यांना नीट पैसे ठरवून विचार. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा पेपर वाचायला जागा शोधत फिरत असतात, त्यांना तुमच्या हॉलमध्ये बसव आणि चहाचा थर्मास ठेव. कुत्र्याशी खेळायला हवं असं नाही. पुष्कळ कुत्र्यांना नुसतं कोणीतरी घरात लागतं, काहींना मात्र ठरावीकच माणूस हवं असतं. ब्राउनी कुठल्या जातीचा आहे ते पहिल्या दुपारीच कळेल.

निघण्याआधी फिरवून आण, पण पळवून नव्हे, नाक खाली घालून हुंगत हुंगत. परत आल्यावर जाण्याआधी अर्धा तास त्याला निवू दे. थाळीत दहीभात थापून फ्रीझरमध्ये गोठवला की तो बराच वेळ चाटत बसतो. पीनट बटर देणार असलीस तर डबीवर झायलिटॉल आहे का ते वाच. ती साखरेऐवजी घालतात ती वस्तू कुत्र्याला विष आहे. मनुका, चॉकलेट, कांदा आणि शिजवलेली हाडंही नकोत. आणि हा खाऊ तुम्ही घरी असतानाही देत जा. फक्त जातानाच दिलात तर थाळी दिसली की त्याच्या पोटात गोळा.

पिंजऱ्यात कोंडू नका. घाबरलेलं कुत्रं गज चावून दात मोडून घेतं, नखं उपटून घेतं. बाल्कनीचं दार बंदच हवं, तुम्ही सहाव्या मजल्यावर आहात. साखळीला दिवसभर बांधून ठेवायचं मनातही आणू नका. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायची हयगय १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही गुन्ह्यात मोडते. भुंकल्यावर झटका देणारे पट्टे विकायला असतात, त्या दुकानाची पायरी चढू नका. आणि सोबतीला दुसरं कुत्रं आणायचा ओंकारचा बेत सध्या गुंडाळून ठेव. त्याला तुमची उणीव भासतेय, कुत्र्याची नव्हे. रडणारी दोन झाली तर?

डॉक्टरकडे एकदा नेऊन आण. लघवीचा संसर्ग, कुठलं दुखणं, आपल्याकडे हमखास आढळणारा गोचीड ताप यांतलं काही असेल तर नुसत्या सरावाने भागणार नाही. भीती फारच असेल तर डॉक्टर फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिनसारखं औषध सुरू करतील. त्याला घाबरू नका. त्याने कुत्रं गुंगीत जायला नको. तसं दिसलं तर डॉक्टरांना सांगा. गुण यायला काही आठवडे लागतात आणि सराव सोबत चालूच ठेवावा लागतो. घरातल्या माणसांच्या गोळ्या मात्र अर्धीसुद्धा नाही. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल कुत्र्याच्या जिवावर बेततं.

सोसायटीचं मात्र आजच बघून घे. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, पण त्याची प्रिंट घेऊन सेक्रेटरींच्या दारात उभी राहू नकोस. भांडण त्यांना आवडतंच. त्याआधी वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरी जाऊन सांग, की नवीन कुत्रा आहे, शिकतोय, रडण्याचा आवाज आला तर रागावायच्या आधी मला फोन करा. नंबर चिठ्ठीवर लिहून दे. तक्रार करायला निघालेला माणूसच मग तुझा कॅमेरा होतो. ब्राउनी किती वाजता रडला ते तो मिनिटासकट सांगतो.

गुरुवारी तुम्हा दोघांना एकदमच जायचंय असं तू म्हणालीस, तर मी सकाळी साडेआठपर्यंत येते. चारनंतरची सोय मात्र बघ, मला भिशीला जायचंय.