सीमाभागातील शालेय ग्रंथालय आणि इंटरनेटवरील वाचनसाहित्य

प्राथमिक शाळेचे ग्रंथालय म्हणजे केवळ कुलूपबंद कपाटातील पुस्तके नव्हेत. पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन मुलाने स्वतःच्या आवडीने व स्वतःच्या गतीने करावे, हा ग्रंथालयाचा खरा हेतू होय. बेळगाव व निपाणी परिसरातील मराठी माध्यमाच्या शाळांच्या दृष्टीने या हेतूला विशेष महत्त्व आहे. या भागाला वाचनाची जुनी परंपरा लाभली आहे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासून वाचकांची सेवा करीत आले आहे. ही परंपरा आजच्या बालवाचकापर्यंत पोहोचविण्याचे नवे साधन इंटरनेटच्या रूपाने उपलब्ध झाले आहे. मात्र साधन असणे आणि ते मुलाच्या हाती पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दोन राज्यांच्या मधले मूल

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे कर्नाटक असे नामांतर झाले. सीमाप्रश्नाबाबत महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण पहिलीच्या वर्गात बसलेले मूल त्यासाठी थांबू शकत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे संविधानाचा अनुच्छेद ३५०-क सांगतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो समाविष्ट झाला.

या मुलाचे मराठी पाठ्यपुस्तक कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेचे असते, तर मराठीतील बरेचसे शैक्षणिक साहित्य महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाला अनुसरून तयार होते. शिवाय २०१५ च्या कर्नाटकातील कायद्यान्वये त्याला कन्नड भाषाही शिकावी लागते. म्हणून त्याच्या ग्रंथालयात दोन्ही बाजूंचे साहित्य असणे अगत्याचे ठरते.

काय उपलब्ध आहे?

केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा उपक्रम ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला. पाठ्यपुस्तकावर छापलेला चौकोनी क्यूआर कोड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला असता, किंवा त्याखालील सहा अक्षर-अंकांचा संकेत टंकित केला असता, त्या पाठाशी जोडलेले साहित्य उघडते. राज्य, माध्यम व इयत्ता यांची निवड वापरणाऱ्याच्या हाती असल्याने निपाणीच्या शिक्षकालाही महाराष्ट्राचे मराठी साहित्य पाहता येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना अशा कोडची जोड दिली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. लहान गावातील शाळेलाही हे साधन परके नाही, हे यावरून ध्यानात यावे.

बालभारतीने आपली पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तेथे वाचावयास मिळतात. ज्या कपाटात ‘किशोर’चा एकही अंक नाही, त्या शाळेला ही फार मोठी ठेव आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहातील सचित्र गोष्टी वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या आहेत. त्या छापून घेण्यास व वाटण्यास मुभा आहे. त्यांतील अनेक गोष्टी मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत आहेत. तीच चित्रे, तीच गोष्ट आधी मराठीत व मग कन्नडमध्ये वाचली, म्हणजे दुसऱ्या भाषेचे ओझे न होता तिची ओळख होते.

वापर कसा करावा?

२०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा एक गोष्ट प्रकर्षाने दिसून आली. विड्या वळणाऱ्या वा शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबात असलाच तर एक मोबाइल असतो व तोही दिवसभर कर्त्या माणसाबरोबर कामावर जातो. अशा घरातील मुलास ‘घरी पाहून ये’ असे सांगणे व्यर्थ होय. त्याच्यासाठी शाळेचे ग्रंथालय हाच एकमेव दरवाजा आहे.

यास्तव शाळेने एक संगणक किंवा टॅब ग्रंथालयात ठेवून प्रत्येक वर्गाला आठवड्यातील एक तास नेमून द्यावा. जोडणी चांगली असेल तेथून साहित्य आधीच उतरवून घ्यावे, म्हणजे ऐन वेळी खोळंबा होत नाही. दुसऱ्या राज्याचे साहित्य निवडताना पाठाचा क्रमांक वा इयत्ता पाहू नये; विषय पाहावा. ‘पाण्याचे चक्र’ दोन्हीकडे एकाच इयत्तेत असेलच असे नाही, पण पाऊस दोन्हीकडे एकाच रीतीने पडतो. परिभाषेत फरक आढळल्यास परीक्षेसाठी आपल्या पाठ्यपुस्तकातील शब्द कोणता, हे फळ्यावर लिहून द्यावे. निवडक गोष्टी छापून, शिवून कपाटात ठेवाव्यात. मुलाने काय वाचले याची नोंदवही असावी. पडद्यासमोर किती वेळ बसले याला महत्त्व नाही.

गावाचा वाटा

कर्नाटकात २०१९ साली ग्रामीण ग्रंथालये पंचायत राज विभागाकडे आली. नोव्हेंबर २०२० पासून ‘ओदुव बेळकु’, म्हणजे ‘वाचनाचा प्रकाश’, या मोहिमेत ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना तेथे विनामूल्य सभासदत्व देण्यात येऊ लागले. पालकांनी आपल्या मुलामुलींची नावे तेथे नोंदवावीत आणि मराठी पुस्तकांची मागणी लेखी द्यावी. ग्रामपंचायत सदस्यांनी जुने पण चालू स्थितीतील संगणक मिळवून देण्यास साहाय्य करावे. अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी कपाटातील पुस्तके मोजण्याबरोबरच ती किती मुलांच्या हातून गेली, हेही विचारावे.

यंत्र गोष्ट दाखविते. पण कोणत्या मुलाला कोणती गोष्ट द्यावी, हे त्या मुलाला ओळखणारा शिक्षकच जाणतो. तो शिक्षक, गाव आणि ग्रंथालय एकत्र आले, तर सीमेवरील मूल आपल्या भाषेत वाचील, शेजारची भाषाही आपलीशी करील आणि दोन्हींच्या बळावर पुढे जाईल.