स्पॅनिश क्रियापदांचा जोर

फोनवर मेक्सिकोतल्या ग्राहकाचा हिशेबनीस होता. ‘जहाजभाड्याचं काय झालं?’ त्याने विचारलं. भाडं त्यांच्याच दलालाने भरलं होतं. मी म्हणालो, ‘या पागो.’ दोन वर्षं भाषा शिकलो होतो, परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालो होतो, तरी जोर ‘पा’वर पडला. त्याने ऐकलं : ‘आत्ता भरतो.’ मला म्हणायचं होतं ‘त्याने भरलंय’, आणि त्यासाठी जोर ‘गो’वर हवा. भाडं आमच्या नावे लागलं. ते निस्तरायला पंधरा दिवस गेले.

चुकीचं मूळ माझ्या वहीत होतं. सगळी रूपं मी नागरीत उतरवून पाठ केली होती, आणि नागरीत दोन्ही ‘पागो’ सारखेच. आपण ‘गेलो’ म्हटलं की ‘मी’ वेगळा सांगत नाही. स्पॅनिशमध्येही कर्ता असाच गाळतात. पण तिथे कर्ता आणि काळ दोन्ही कित्येकदा नुसत्या जोरावरून ओळखायचे असतात. शिवाय जोडाक्षराआधी आघात देण्याची आपली सवय आड येते. ‘आब्लो’, म्हणजे ‘मी बोलतो’, याची फोड आब्-लो नव्हे, आ-ब्लो.

नियम सोपा आहे. शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर), एरवी शेवटच्यावर. नियम मोडला की जोराच्या स्वराच्या डोक्यावर तिरकी रेघ.

खरी अडचण दोन स्वर शेजारी आले की येते. आ, ए, ओ बळकट. इ, उ दुबळे. दुबळा बळकटाला चिकटतो, पण जोर दुबळ्यावर आला की दोघे सुटे होतात. ‘चालू ठेवणं’ या अर्थाचं ‘कोन्तिनुआर’ घ्या. कोन्-ति-नू-ओ, जोर ‘नू’वर : मी चालू ठेवतो. कोन्-ति-नुओ, जोर शेवटी : त्याने चालू ठेवलं. तोच जोर ‘ति’वर नेला तर क्रियापदच उरत नाही, ‘सलग’ या अर्थाचं विशेषण होतं.

‘तो हसला’ या अर्थाच्या ‘रिओ’वरची रेघ स्पॅनिश अकादमीने २०१० साली काढून टाकली. जुन्या पुस्तकांत ती दिसली तर गोंधळू नका.

शिकणाऱ्यांनो, रूपं रोमन लिपीतच, रेघेसकट लिहा आणि जोराच्या अवयवावर टाळी देत मोठ्याने म्हणा. पैशांचं बोलणं असेल तेव्हा मात्र कर्ता गाळू नका. ‘यो’ किंवा ‘एल’, मी की तो, हे आधी स्पष्ट उच्चारा.