जुना गेम नव्या यंत्रावर चढवताना

हातात मावणारी गेमची यंत्रं आता फोनपेक्षा कितीतरी कमी पैशांत घरपोच येतात. आमच्या अजिंठ्यातली पोरंही ती मागवतात, आणि ज्यांना थोडंफार कोडिंग येतं ती लगेच विचारतात, "दादा, यावर आपण स्वतः इम्युलेटर चढवू शकतो का?" इम्युलेटर म्हणजे नव्या यंत्राला जुन्यासारखं वागायला लावणारा प्रोग्राम, आणि तो चढवता येतो. मी जुन्या निन्टेन्डोचा चढवला आहे, म्हणजे ज्याच्या नकला आपल्याकडे 'समुराई', 'लिटल मास्टर' अशा नावांनी विकल्या जात, त्या यंत्राचा. त्यात माझं जेवढं रक्त आटलं तेवढं तुमचं आटू नये, म्हणून हे लिहितो आहे.

यंत्र हातात आलं की गेम लावायच्या आधी त्यातलं मेमरी कार्ड काढा आणि संगणकावर त्या अख्ख्या कार्डाची इमेज घ्या. नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही. यंत्र चालू करणारा बूटलोडर बऱ्याचदा फाइलींच्या बाहेर, कार्डाच्या अगदी सुरुवातीच्या भागात बसलेला असतो. पडदा कुठल्या बनावटीचा आहे हे सांगणारी डिव्हाइस ट्रीची फाइलही त्याच कार्डावर असते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन यंत्रांत पडदे वेगळे निघतात, आणि मित्राच्या यंत्रातली फाइल आपल्यात घातली की पुढे नुसता काळोख. माझ्या यंत्रासोबत आलेलं कार्ड काही दिवसांतच गेलं. इमेज होती म्हणून यंत्र वाचलं.

ती इमेज दोन ठिकाणी ठेवा. अजिंठ्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर वर्षानुवर्षं खपून लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. एवढी मेहनत एकाच छपराखाली ठेवल्याने गेली, याची मला आजही हळहळ वाटते. माझी एक इमेज घरी आहे, दुसरी संभाजीनगरला बहिणीकडे.

आता खरं काम. मी घेतलेला इम्युलेटर सी भाषेत लिहिलेला, घरच्या संगणकावर व्यवस्थित चालणारा. हँडहेल्डसाठी कंपाइल केला, एकही चूक दाखवली नाही, आणि पडदा काळाच. अशा वेळी सगळेच पडद्याच्या मागे लागतात. मीही रात्री-रात्री जागून डिस्प्लेचा ड्रायव्हर तपासत होतो, पण पडद्याचा काहीच दोष नव्हता. सी भाषेत 'कॅर' नावाचा आठ बिटांचा प्रकार आहे. इंटेलच्या संगणकावर कंपायलर तो ऋण-धन असा दोन्ही धरतो. हँडहेल्डमधल्या एआरएम चिपच्या लिनक्सवर मात्र तो फक्त धन धरला जातो. आता गेम सुरू होताना काय होतं ते पाहा. चित्र काढणारी चिप तयार होईपर्यंत गेम एका छोट्या चक्रात थांबतो: तयार आहे का बघ, नसेल तर पाच बाइट मागे जा, पुन्हा बघ. 'पाच मागे' हे आठ बिटांत २५१ असं लिहिलेलं असतं. संगणकाने ते उणे पाच वाचलं, हँडहेल्डने २५१ वाचलं. त्यामुळे गेम मागे वळायच्या ऐवजी २५१ बाइट पुढे उडी मारून भलत्याच ठिकाणी जाऊन पडत होता.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की पोर्ट करताना पडदा सगळ्यात शेवटी जोडा. 'नेस्टेस्ट' नावाचा एक तपासणी प्रोग्राम मिळतो. प्रत्येक सूचनेच्या वेळी प्रोसेसरची स्थिती काय असायला हवी, याची बरोबर नोंदही त्याच्यासोबत मिळते. तो पडद्याविना चालवा, आपली नोंद त्या नोंदीशी ओळीला ओळ लावून बघा. जिथे पहिली ओळ वेगळी निघेल तिथेच दुखणं. आणि चिन्ह असलेली संख्या लागते तिथे 'कॅर' न लिहिता चिन्हासकट आठ बिटांचा प्रकार स्पष्ट लिहा.

चित्र दिसायला लागलं की आवाज छळतो. बहुतेकांना वाटतं यंत्र कमी पडतंय, आणि ते ओव्हरक्लॉक करून बॅटरी तापवत बसतात. मूळ यंत्राचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा होता! तुमच्या हातातलं यंत्र त्याच्या शेकडो पट वेगवान आहे, वेगाची कमतरता कुठेच नाही. बिघडतं ते वेळेचं गणित. जपानी-अमेरिकी निन्टेन्डो सेकंदाला ६०.०९८८ चित्रं काढत असे आणि आपल्या हँडहेल्डचा पडदा काढतो ६०. आवाजाला सेकंदाला ४४,१०० नमुने लागतात. पडद्याच्या तालावर गेम चालवला की सेकंदाला सुमारे ७२ नमुने कमी पडतात. १,०२४ नमुन्यांचा बफर चौदा सेकंदांत रिकामा होतो आणि 'टक्' असा आवाज येतो. बफर मोठा केला तर तो 'टक्' उशिरा येतो, आणि वर बटण दाबल्यावर उडीचा आवाजही उशिरा येतो. त्यापेक्षा रेट्रोआर्क या प्रोग्राममध्ये आहे तशी डायनॅमिक रेट कंट्रोलची पद्धत वापरा: बफर किती भरलाय ते बघून आवाजाचा दर अर्ध्या टक्क्याच्या आत वर-खाली करायचा. कानाला ते कळत नाही.

एवढं जमल्यावर मी यंत्र माझ्या मोठ्या भावाच्या हातात दिलं. नव्वदच्या दशकात गावातल्या एका दुकानात तासावर पैसे देऊन खेळलेला माणूस तो. मिनिटभर मारिओ खेळला आणि म्हणाला, "हे आपलं नाही रे. हे पळतंय."

त्याचं बरोबर होतं. तेव्हा आपल्या टीव्हीची पद्धत होती पाल, सेकंदाला ५० चित्रांची, आणि इथे विकल्या गेलेल्या बहुतेक नकला त्यानुसारच बनवलेल्या होत्या. गंमत म्हणजे त्यांच्या प्रोसेसरचा वेग १.७७ मेगाहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ मूळचाच. त्यामुळे गाण्याचा सूर तोच राहायचा, लय मात्र सहाव्या हिश्शाने मंद व्हायची. आपल्या पिढीच्या कानात बसलाय तो हा मारिओ. युरोपचं पाल सेटिंग निवडलं तर प्रोसेसर १.६६ वर येतो आणि सूरही उतरतो. तेही आपलं नव्हे. रशियात 'डेंडी' नावाने खपलेल्या नकलेवरून आपल्या नकलांच्या या तिसऱ्या प्रकाराला डेंडी म्हणतात, आणि एफसीईयूएमएम या इम्युलेटरमध्ये तो पर्याय आहे. स्वतः लिहीत असाल तर एका चित्राच्या ओळी २६२ ऐवजी ३१२ करा, पण प्रोसेसरच्या एका ठोक्याला चित्राचे तीन ठिपके हे प्रमाण तसंच ठेवा. पडदा मात्र साठचाच असेल तर दर पाचवं चित्र दोनदा दिसतं आणि धावताना दृश्य किंचित अडखळतं. पडद्याचा दर ५० वर आणता आला तर आणा.

चित्राचा आकार हा वादाचा विषय आहे. ६४० बाय ४८० च्या पडद्यावर २५६ ठिपक्यांची रुंदी अडीच पट होते, म्हणजे काही ठिपके दोनचे, काही तीनचे, आणि दृश्य सरकलं की विटांवर लाटा उठतात. मी बरोबर दुप्पट ठेवतो, बाजूला काळ्या पट्ट्या राहिल्या तरी चालतात.

सेव्ह केलेली फाइल लगेच कार्डावर उतरली पाहिजे, एवढंही बघा. पोरं बॅटरी संपेपर्यंत खेळतात.

राहिला गेमचा प्रश्न. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ आपल्याकडे कायदेशीरपणे असलेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत काढू देतं. पण आपल्या लहानपणच्या '९९९९ इन १' कॅसेटी मुळातच चोरीच्या, त्यांना हे कलम लागू होत नाही. त्याच जुन्या यंत्रासाठी आजही लोक नवे गेम लिहितात. २०१९ चा 'मायक्रो मेजेस' त्यांतलाच. पैसे देऊन त्याची फाइल घेता येते, आणि तो खरोखर सुंदर आहे.

मध्यंतरी एका मुलाला अशी यंत्रं भरून लेण्यांजवळच्या फर्दापूरला पर्यटकांना विकायची होती. त्याला मी परवाने वाचायला बसवलं. एसनेस-नाइन-एक्ससारखा इम्युलेटर धंद्यासाठी वापरायला परवान्यातच मनाई आहे. एफसीईयूएमएम जीपीएल परवान्याखाली आहे, तो विकता येतो, पण घेणाऱ्याला कोडही द्यावा लागतो. आता तो सोबत फक्त असेच गेम देणार आहे, ज्यांच्या लेखकांनी त्याला लेखी परवानगी दिली आहे. त्यासाठीची पत्रं लिहिणं सध्या चालू आहे.