‘जिणं आमुचं’मधील बाळंतपणाचे कथन

बेबी कांबळे (१९२९–२०१२) यांचे ‘जिणं आमुचं’ हे आत्मकथन १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. लेखिका स्वतः दहा अपत्यांची माता. तथापि त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणांना येथे फारसे स्थान नाही. चित्रण येते ते महारवाड्यातील बाळंतिणीचे: कोवळ्या वयातील गर्भारपण, सुइणींची अघोरी हाताळणी, प्रसूतीनंतरची उपासमार आणि दगावणारी अर्भके. डोहाळे, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांनी मराठी कुटुंबजीवनात कौतुकाचा मानला गेलेला काळ येथे भुकेचा काळ ठरतो.

‘मी’ऐवजी ‘आम्ही’ ही निवेदनाची निवड केवळ शैलीची बाब नव्हे. एकटीची म्हणून सांगितलेली वेदना दैवाच्या खाती जमा होते. साऱ्याजणींची म्हणून सांगितली की तिच्यामागील जात आणि दारिद्र्य दिसू लागते. या सामूहिक निवेदनाची किंमतही आहे. माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादास (२००८) जोडलेल्या मुलाखतीत लेखिका संसारातील खाजगी दुःखाविषयी बोलतात. ग्रंथात मात्र वारंवार बाळंत होणाऱ्या एका देहाचा अनुभव अव्यक्तच राहतो. म्हणून या आत्मकथनाचे वाचन त्यातील उच्चाराइतकेच मौनाचेही व्हावयास हवे.